बेल-ईलचे खडक आणि चौथा प्रहर

पदव्युत्तर वर्गाला साहित्यशास्त्र शिकवताना निर्मितिप्रक्रियेचे प्रकरण येते. मम्मटाचे शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे शब्द फळ्यावर लिहिले की वर्गाची नजर पहिल्यावरच खिळून राहते, असा आमचा अनुभव आहे. शक्ती म्हणजे प्रतिभा; तिच्याविषयी बोलायला सर्वांनाच आवडते. निपुणतेला कुणाची हरकत नसते. अभ्यासापाशी येईतो तास संपत आलेला असतो आणि 'सराव' या एका प्रतिशब्दावर त्याची बोळवण होते. वास्तविक मम्मटाने 'हेतू' हा शब्द एकवचनात योजला आहे आणि तिन्ही मिळून एकच कारण होते, तीन सुटी कारणे होत नाहीत, हेही वृत्तीत स्पष्ट करून ठेवले आहे. हे विधान परीक्षेच्या प्रत्येक उत्तरपत्रिकेत सापडते. पण काम चालू असताना ते एकवचन दिसते कसे? याचे उत्तर आम्हाला मिळाले ते एका फ्रेंच चित्रकाराच्या पत्रांत, आणि तेही खडकांवर आपटणारा समुद्र रंगवताना त्याची जी दमछाक झाली तिच्या हकिकतीत.

क्लोद मोने १२ सप्टेंबर १८८६ रोजी बेल-ईल या बेटावर उतरला. ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यासमोर, अटलांटिक महासागरात हे बेट आहे. बेत होता पंधरा दिवसांचा. तो तिथून निघाला २५ नोव्हेंबरला. आला तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता आणि १४ नोव्हेंबरचा सेहेचाळिसावा वाढदिवस त्याने तिथेच, घरच्या माणसांपासून दूर, घालवला. आम्हा दोघांची वये आज याच्याच मागेपुढे असल्यामुळे हा तपशील आमच्या नजरेतून सुटला नाही. त्याची पत्रे आम्ही इंग्रजी अनुवादातून वाचली, कारण फ्रेंच आम्हा दोघांनाही येत नाही. आणि चित्रे पाहिली ती पुस्तकांत, आणि अलीकडे संग्रहालयांनी उपलब्ध करून दिलेल्या मोठ्या छायाचित्रांत.

आम्ही दोघे म्हणजे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणारे पतिपत्नी. एकीचे माहेर गुहागर तालुक्यातले, समुद्राच्या आवाजात वाढलेले. दुसरा यवतमाळकडचा, त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी, आणि तोही मुंबईला नोकरीच्या मुलाखतीसाठी गेला असताना. एकीने सव्विसाव्या वर्षी गावाजवळच्या खडकाळ किनाऱ्यावर एक दीर्घ कविता लिहायला घेतली. दर मे महिन्यात माहेरी गेले की वही बाहेर निघे, दोनतीन कडवी होत, आणि जूनमध्ये महाविद्यालय सुरू झाले की वही कपाटात जाई. पुढच्या वर्षी वही उघडावी तर आधीची कडवी कुणा दुसऱ्याच बाईने लिहिल्यासारखी वाटत. काही वर्षांनी ती कपाटातच राहिली. दुसऱ्याच्या कथा दिवाळी अंकांत येत, त्याही थांबल्या. चाळिशी ओलांडल्यावर हे थांबणे कायमचे आहे की काय, हा प्रश्न घरात कधी उघडपणे विचारला गेला नाही, पण तो होताच.

पत्रांतून प्रथम जे कळले ते हे की मोनेसाठीही हा समुद्र परका होता. तो नॉर्मंडीत वाढलेला. इंग्लिश खाडीचा समुद्र त्याच्या हाताखालचा होता, तो कसा रंगवायचा याची त्याची एक रीत ठरून गेली होती. महासागर निराळाच आहे, असे त्याने आपला चित्रविक्रेता पॉल द्युरां-र्‍युएल याला कळवले. त्याने दक्षिणेकडच्या सूर्यप्रकाशात जावे असे द्युरां-र्‍युएलच्या मनात होते. मोनेचे म्हणणे असे की ही उग्र जागा आपल्याला सवयीपलीकडे जायला भाग पाडते आहे, म्हणून तिच्याविषयीच ओढ वाटते. पंचेचाळिसाव्या वर्षी, हातात कौशल्य असताना, ते कौशल्य जिथे पुरे पडणार नाही अशी जागा निवडणे आम्हाला विशेष वाटले. निपुणता आहे, पण ती आधी मोडावी लागते आहे.

तो राहिला कर्व्हिलाउअन या चार घरांच्या वस्तीत, बेटाच्या पश्चिम अंगाला. तिथून पोर-कोतों आणि पोर-गुल्फार ही ठिकाणे जवळ. पोर-कोतोंला पाण्यातून सुळके वर आले आहेत. त्यांना 'पिरॅमिड' म्हणतात. 'कोतों' म्हणजे कापूस. वादळी दिवसांत तिथे फेसाचे कापसासारखे पुंजके उठतात म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. (यवतमाळकराला हे वाचून जो आनंद झाला त्याचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही.)

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. चित्रकाराने खडकावर उभे राहून समोरचे रंगवावे, यात अवघड काय, असे आपल्याला वाटते. अवघड हे, की समोरचे एकदाच तसे असते. प्रकाशाला सूर्याचे घड्याळ आहे, पाण्याला चंद्राचे. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढण्याची एक जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती पूर्ण, अष्टमीला सहाच्या. आमच्या माहेरी घड्याळाआधी हा हिशेब शिकवला जाई. या पाऊणपटीत दडलेली गोष्ट अशी की भरती रोज पाऊण तासाहून थोड्या अधिक उशिराने येते. म्हणजे आज सकाळी दहाच्या उन्हात खडकाचा जो पायथा उघडा दिसला, तो उद्या दहाला तसा दिसणार नाही, परवा तर नाहीच. ऊन आणि पाणी यांची तीच गाठ पुन्हा पडायला साधारण पंधरा दिवस लागतात. त्या अक्षांशावर शरदातल्या या पंधरा दिवसांत दिवसही जवळजवळ पाऊण तासाने लहान झालेला असतो, आणि सूर्य खाली उतरलेला असतो. शिवाय ढग, वारा, पाऊस. पंचाहत्तर दिवसांत अशा गाठी पाचच पडू शकतात, आणि त्या दिवशी आकाश स्वच्छ असेल याची हमी कुणी द्यावी?

बंदरात ओहोटीच्या वेळा लिहिलेला तक्ता मिळतो. पण तक्त्यावर विसंबून काय होते हे मोनेने एक वर्ष आधी अनुभवले होते. नोव्हेंबर १८८५ मध्ये नॉर्मंडीतल्या एत्रता गावी तो कड्याच्या पायथ्याशी चित्र काढत बसला होता, पाणी उतरते आहे या समजुतीत. प्रत्यक्षात ते चढत होते. एका लाटेने त्याला कड्यावर आपटले आणि मागे ओढले. तो वाचला, चित्रफलक, घोडी, साहित्य गेले. हातातली रंगपाटी तोंडावर येऊन दाढी निळ्या-पिवळ्या रंगाने माखली, असे त्याने अॅलिस ओशदेला लिहिले आहे. पुढे त्याची पत्नी झालेल्या या बाईंना तो बेल-ईलहूनही जवळजवळ रोज पत्र लिहीत असे आणि आपल्याला जे माहीत आहे ते बहुतांशी या पत्रांमुळेच.

एत्रतालाच त्या सुमारास गी द मोपासाँ त्याच्यामागून हिंडला होता. त्यावर त्याने लिहिलेला लेख 'जिल ब्ला' या वृत्तपत्रात २८ सप्टेंबर १८८६ रोजी छापून आला, म्हणजे मोने नेमका बेल-ईलवर असताना. मोपासाँने पाहिलेला चित्रकार एक चित्र घेऊन निघत नाही. त्याच्यामागे मुले पाचसहा चित्रफलक घेऊन चाललेली असतात. विषय एकच, वेळा वेगळ्या. आकाश बदलले की तो हातातला फलक ठेवतो आणि दुसरा घेतो. मोपासाँ हा कथाकार. त्याने त्यात शिकारीचे चापल्य पाहिले. आम्हाला मात्र त्यामागे पाऊणपटीचा हिशेब दिसतो. एकच फलक घेऊन बसलात तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास काम होईल. सहा फलक असतील तर प्रत्येक गाठीला एक फलक तयार असतो. अनेक चित्रे एकाच वेळी उघडी ठेवण्याची ही पद्धत पुढे गवताच्या गंज्या (१८९०-९१) आणि रूआँचे कॅथीड्रल (१८९२-९४) यांच्या मालिकांत कीर्तीला पोहोचली. गंजी आणि कॅथीड्रल निदान जागा सोडत नाहीत. पाणी सोडते, आणि म्हणून या पद्धतीची खरी निकड समुद्रकाठी होती, असे आमचे मत आहे.

बेल-ईलहून ३० ऑक्टोबरच्या पत्रात मोने जे म्हणतो त्याचा आशय असा: समुद्र खरोखर रंगवायचा तर तो एकाच जागेवरून, रोज, सर्व वेळी पाहिला पाहिजे, म्हणजे तिथले त्याचे जगणे कळते, आणि म्हणून मी तेच विषय चारचार, सहासहा वेळा पुन्हा करतो आहे. हे वाचताना आम्ही थबकलो. 'अभ्यास' या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ पुन्हा पुन्हा करणे हाच आहे. पण आपण समजतो तसा हा चित्राआधीचा सराव नव्हे. सहा वेळा करणे हेच चित्र काढणे आहे. दुसऱ्या वेळी त्याला जे दिसते ते पहिल्या वेळी दिसणे शक्य नव्हते. दिसण्याची ती शक्ती पहिल्या करण्यातून आली. मम्मटाचे एकवचन आम्हाला इथे प्रथम कळले असे म्हणायला हरकत नाही.

गुस्ताव्ह जेफ्रुआ हा समीक्षक याच दिवसांत बेटावर होता. क्रांतिकारक ब्लांकी तिथल्या तुरुंगात होता, त्याचा माग काढत तो आला होता. योगायोगाने मोनेशी गाठ पडली आणि आयुष्यभराची मैत्री झाली. मोनेचे मोठे चरित्र १९२२ मध्ये त्यानेच प्रसिद्ध केले. त्याने पाहिलेला मोने बूट, लोकरीचे कपड्यांवर कपडे आणि वर टोपीचे तेलकापड अशा वेषात आहे. घोडी दोरांनी आणि दगडांनी जखडलेली आहे, तरी वारा हातातली रंगपाटी आणि कुंचले हिसकावून नेतो आहे. सामान वाहायला पोली नावाचा बेटावरचा माणूस होता. पावसाने बाहेर काम करता येईना अशा दिवसांत मोनेने त्याचेच व्यक्तिचित्र काढले. ते आज पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात आहे. समुद्र मिळत नाही म्हणून समुद्रावर नेणाऱ्या माणसाला रंगवले! जॉन पीटर रसेल हा ऑस्ट्रेलियन चित्रकारही तिथे मोनेला भेटला, पुढे त्याच बेटावर घर बांधून राहिला, आणि तरुण मातीस त्याच्याकडे येऊन गेला. तो निराळ्या लेखाचा विषय आहे. असो.

या वास्तव्यातून सुमारे चाळीस चित्रे निघाली. ऑर्से संग्रहालयातले खडकांचे चित्र आणि त्याच संग्रहालयातले वादळाचे चित्र ही दोन आम्ही सर्वांत अधिक वेळ पाहिली. दोन्ही फलक साधारण ६५ सेंटिमीटर उंच आणि ८१ सेंटिमीटर रुंद, म्हणजे काखोटीला मारून वाऱ्यातून नेता येतील एवढेच. खडकांच्या चित्रात क्षितिज जवळजवळ वरच्या कडेला टेकवलेले आहे. आकाशाची एक पट्टी तेवढी शिल्लक. खाली आपल्याला पाय ठेवायला जमीन दिलेली नाही. समुद्राच्या चित्रात पाहणारा वाळूवर सुखरूप उभा असतो, मध्ये एखादी होडी, एखादा कोळी दिसतो. इथे माणूस नाही, होडी नाही, वाळू नाही. मोने जपानी मुद्राचित्रे जमवीत असे आणि वरून, कडेने दृश्य कापण्याची ती रीत त्याच्या डोळ्यांत मुरलेली होती. पण ही केवळ रचनेची हौस नाही. कड्याच्या टोकावर उभा असलेला माणूस खाली पाहतो तेव्हा त्याला खरोखरच आकाश दिसत नाही.

दुरून हे खडक काळे वाटतात. जवळून पाहिले तर त्यांत जांभळा, निळा, गर्द हिरवा आणि तांबूस यांचे फटकारे एकमेकांत घुसलेले आहेत. आपण कोणते रंग वापरतो याची एक छोटी यादी मोनेने १९०५ मध्ये द्युरां-र्‍युएलला लिहून पाठवली होती. तीत पांढरा, कॅडमियम पिवळा, शेंदरी, मंजिष्ठाचा गडद तांबडा, कोबाल्ट निळा आणि पाचूचा हिरवा एवढेच आहेत, काळा नाही. पाणी आखूड, वळलेल्या, स्वल्पविरामासारख्या फटकाऱ्यांनी केले आहे. आणि आमच्या मते या चित्राचे मर्म असे की खडकही जवळजवळ तशाच फटकाऱ्यांनी केले आहेत. मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे शिकवताना समुद्र आणि खडक ही जोडी विरोधलयीचे सोपे उदाहरण म्हणून सहज तोंडी येते: एक चल, दुसरा अचल. बेल-ईलची चित्रे पाहिल्यावर ते उदाहरण इतके सोपे राहत नाही. इथे अचल काही नाही. पाण्याने झिजवलेला, पाण्याचाच रंग अंगावर घेणारा खडक आणि खडकाने अडवल्यामुळेच आकार मिळालेले पाणी यांच्यातला संवाद आधी दिसतो. विरोध असलाच तर तो त्या संवादाच्या पोटात आहे.

राहिला प्रश्न 'निसर्गासमोर' या शब्दाचा. मोनेविषयीची दंतकथा अशी की तो सर्व चित्रे उघड्यावर, जागच्या जागी पुरी करी. तिच्या प्रसाराला त्याने स्वतःही हातभार लावला होता. बेल-ईलहून निघाला तेव्हा त्यांतली अनेक चित्रे पुरी झालेली नव्हती. वाटेत नुआर्मुतिए येथे मित्र ऑक्ताव्ह मिर्बो याच्याकडे थांबून तो झिव्हेर्नीला परतला, आणि हिवाळ्यात चित्रशाळेत या फलकांवर काम केले. त्यांतली काही मे १८८७ मध्ये जॉर्ज पेतीच्या दालनातल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात लागली. आपली चित्रे निसर्गासमोर काढलेली आहेत की नाहीत याच्याशी कुणालाही कर्तव्य नाही, असे पुढे १९०५ च्याच एका पत्रात त्याने फटकळपणे लिहून टाकले. काही समीक्षकांना यात लबाडी दिसते. आम्हाला दिसत नाही, आणि त्याचे कारण राजशेखर आहे.

'काव्यमीमांसे'च्या दहाव्या अध्यायात राजशेखराने कवीची दिनचर्या सांगितली आहे. दिवसाचे चार प्रहर: पहिल्यात विद्यांचे अध्ययन, दुसऱ्यात रचना, तिसऱ्यात काव्यगोष्टी, आणि चौथ्यात, एकट्याने किंवा मोजक्या माणसांत बसून, सकाळी रचलेल्याची परीक्षा. रचनेच्या भरात विवेकाची दृष्टी राहत नाही म्हणून ही परीक्षा मागाहून करायची, अधिक ते काढायचे, उणे ते भरायचे. हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर आम्ही कवीच्या ऐषआरामी जीवनाचे चित्र म्हणून शिकत आलो, कारण त्या अध्यायात तांबूल, उपवन वगैरेही भरपूर आहे. पण त्यातला चौथा प्रहर झिव्हेर्नीच्या चित्रशाळेला तंतोतंत लागू पडतो. कड्यावर दुसरा प्रहर झाला. तिथे परीक्षा शक्य नव्हती. वारा होता, पाणी चढत होते, ढग येत होता. चाळीस फलक शेजारी शेजारी मांडून, यातला कोणता पुरा आणि कोणता अर्धा हे पाहायला छप्पर लागते आणि समुद्र दूर असावा लागतो. आपल्याकडे स्फूर्तीची कविता आणि 'घासलेली' कविता असा भेद करून दुसरीला कमी लेखण्याची सवय आहे. ती राजशेखराची नव्हे, अलीकडची आहे.

आमच्या कपाटातल्या कवितेला चौथा प्रहर कधी मिळाला नव्हता. खरे म्हणजे दुसराही नीटसा मिळाला नव्हता, कारण दर मे महिन्यात ती मागच्या मे महिन्यातल्या समुद्राला शोधत होती, आणि एकच वही, एकच प्रत घेऊन. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही बारा दिवस गुहागरकडे राहिलो. घराखालच्या किनाऱ्यावर एक काळाकभिन्न, मधोमध भेगाळलेला कातळ आहे; लहानपणी त्यावरून उड्या मारण्याची शर्यत लागे. तो एवढाच विषय ठरवला. सुटे कागद घेतले, प्रत्येकाच्या माथ्यावर तिथी आणि वेळ: कार्तिक शुद्ध पंचमी, पावणेचार, षष्ठी, साडेचार. ऊन गेले की तो कागद बाजूला, दुसरा पुढे. पोलीचे काम यवतमाळकराने केले, म्हणजे छत्री, घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास त्याच्याकडे. कागद उडू नयेत म्हणून दगडही त्यानेच वेचले. अष्टमीला अनपेक्षित पाऊस आला आणि त्या दिवशीचा कागद भिजून शाई पसरली. तोही ठेवला आहे.

एकूण अकरा कागद झाले. त्यांतले चार भेगेत शिरणाऱ्या पाण्याचेच आहेत आणि चारही एकमेकांशी जुळत नाहीत. आता रविवारी दुपारी ते जेवणाच्या टेबलावर मांडले जातात. जुन्या वहीतली दोन कडवी त्यांत बसतात असे एकीला वाटते. दुसऱ्याच्या मते ती सव्विसाव्या वर्षाचीच आहेत आणि त्यांना तिथेच राहू द्यावे. षष्ठीच्या कागदावरची एक ओळ मात्र दोघांनाही खोडायची आहे, आणि ती नेमकी कुठून तुटते यावर वाद चालू आहे.